पाण्यातील उज्जवायु, खताची गोणी आणि शेतकऱ्याची जमीन

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर आज जेथे नवी मुंबई शहर उभे आहे, तेथे साठ वर्षांपूर्वी भाताची खाचरे, मिठागरे आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली व ठाणे, पनवेल आणि उरण ह्या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. त्यानंतर ह्या परिसरात अनेक कारखाने व कंपन्यांची मोठमोठी आवारे उभी राहिली. त्यांपैकी दोन ठिकाणांकडे आम्ही आज आमच्या वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पहिले ठिकाण तळोजे. तेथे दीपक फर्टिलायझर्स समूहाचा वर्षास सुमारे ५ लाख टन अमोनिया करणारा कारखाना २०२३ साली सुरू झाला. दुसरे ठिकाण घणसोली. तेथे रिलायन्स कंपनीचे विस्तीर्ण आवार आहे. ह्या कंपनीने पाण्यापासून हायड्रोजन काढण्याच्या यंत्रांसाठी २०२१ साली डेन्मार्कच्या स्टीसडाल कंपनीशी व २०२४ साली नॉर्वेच्या नेल कंपनीशी करार केले. हायड्रोजनलाच आमच्या जुन्या शास्त्रीय ग्रंथांत उज्जवायु म्हटले आहे व आम्हीही तेच नाव वापरतो.

परदेशी कंपन्यांचे करार आणि वायूची यंत्रे ह्यांच्याशी शेतकऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. युरियाची ४५ किलोची एक गोणी तयार करावयाची तर सुमारे २५॥ किलो अमोनिया लागतो आणि तेवढ्या अमोनियात ४॥ किलो उज्जवायु असतो. म्हणजे ज्या वायूविषयी देशोदेशीचे शास्त्रज्ञ आज खल करीत आहेत, तो आपण नकळत दर हंगामात गाडीत घालून घरी आणीत असतो. तो वायू उद्या कशापासून निघणार, किती खर्चाने निघणार व त्यासाठी कोणाची जमीन लागणार, हे प्रश्न म्हणूनच शेतकऱ्याचे प्रश्न आहेत.

उज्जवायु कसा मिळतो?

उज्जवायु हा सर्व वायूंत हलका. इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश ह्याने १७६६ साली त्याचे गुणधर्म प्रथम नीट पारखले. एक किलो उज्जवायु जाळला असता सुमारे ३३ युनिट विजेइतकी उष्णता मिळते. एक किलो डिझेलपासून मिळते ती सुमारे १२ युनिटांइतकी. वजनाच्या मानाने हे इंधन असे सरस आहे. परंतु साध्या दाबाखाली ह्या एक किलो वायूस सुमारे १२ घनमीटर जागा लागते. मोटारीत भरावयाचा तर तो हवेच्या दाबाच्या साडेतीनशे ते सातशे पट दाबून भरावा लागतो. शिवाय तो झटकन पेट घेतो व दिवसा त्याची ज्योत डोळ्यास जवळजवळ दिसत नाही. ह्या अडचणी लहान नव्हेत.

हा वायू निसर्गात मोकळा असा क्वचितच सापडतो. तो दुसऱ्या पदार्थातून काढावा लागतो. हल्ली खतांच्या बहुतेक कारखान्यांत तो नैसर्गिक वायू आणि पाण्याची वाफ ह्यांच्या संयोगातून काढतात. ह्या पद्धतीत एक किलो उज्जवायूमागे नऊ-दहा किलो कर्बवायु बाहेर पडतो. शिवाय आपल्या देशास लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा भाग बाहेरून जहाजाने येतो. तळोज्याच्या समूहानेही नॉर्वेच्या इक्विनॉर कंपनीशी असा वायू २०२६ पासून १५ वर्षे घेण्याचा करार २०२४ साली केला. परदेशात युद्ध पेटले की आपल्या खताचा खर्च वाढतो, तो ह्यामुळेच.

दुसरी पद्धत पाण्यात वीज सोडण्याची. पाण्यात दोन पत्रे ठेवून त्यांतून वीज खेळविली की एका पत्र्यावर उज्जवायु व दुसऱ्यावर प्राणवायु सुटतो. एक किलो उज्जवायूस शास्त्राप्रमाणे नऊ लिटर शुद्ध पाणी व प्रत्यक्षात ५० ते ५५ युनिट वीज लागते. ही वीज सूर्यापासून किंवा वाऱ्यापासून मिळालेली असेल, तर निघणाऱ्या वायूस हरित हायड्रोजन म्हणतात. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ह्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची राष्ट्रीय योजना मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षास ५० लाख टन हरित हायड्रोजन करण्याची शक्ती देशात यावी, असा तिचा उद्देश आहे. महाराष्ट्र सरकारनेही त्याच वर्षी आपले हरित हायड्रोजन धोरण जाहीर केले.

इंधन-घटाचे कार्य

पाण्यात वीज घालून उज्जवायु काढता येतो, तर उज्जवायु देऊन वीज परत मिळविता येईल काय? विल्यम ग्रोव्ह ह्या वेल्श गृहस्थाने १८३९ च्या सुमारास हे करून दाखविले. त्या साधनास आज इंधन-घट म्हणतात. त्याची रचना समजण्यास कठीण नाही. मध्ये एक पातळ पडदा असतो व त्याच्या दोन्ही अंगांस प्लॅटिनमचा सूक्ष्म लेप असतो. एका बाजूने उज्जवायु व दुसऱ्या बाजूने हवा सोडतात. लेपापाशी उज्जवायूच्या कणांतील विद्युत्कण सुटे होतात. पडदा उरलेल्या कणांस पलीकडे जाऊ देतो, पण विद्युत्कणांस जाऊ देत नाही. म्हणून ते तारेच्या वाटेने फिरून जातात. तारेतून होणारा हा प्रवास म्हणजेच वीज. पलीकडे सर्वांची प्राणवायूशी गाठ पडून शुद्ध पाणी होते. धूर नाही, ठिणगी नाही. एका घटातून व्होल्टाच्या दोन-तृतीयांशाइतकाच दाब मिळतो. म्हणून भाकरीच्या चवडीप्रमाणे असे शेकडो घट एकावर एक रचतात.

महाराष्ट्रात ह्या विद्येचे मोठे काम पुण्यास झाले आहे. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, कारैकुडीची केंद्रीय विद्युत्-रासायनिक संशोधन संस्था व पुण्याचीच केपीआयटी कंपनी ह्यांनी मिळून इंधन-घट तयार केला. २०२० साली तो मोटारीत बसवून पाहिला व ऑगस्ट २०२२ मध्ये त्यावर चालणारी बस पुण्यात लोकांपुढे आणली. घट देशात होऊ लागले तरच ते सामान्य माणसाच्या आवाक्यात येतील. म्हणून ह्या प्रयत्नाचे मोल मोठे आहे.

तथापि हिशेब सोडून कौतुक करणे शेतकऱ्यास परवडत नाही. एक किलो उज्जवायु काढण्यास ५२ युनिट वीज घातली, तर तो दाबून साठवून इंधन-घटातून परत वीज करीपर्यंत सोळा-सतरा युनिटच हाती लागतात. पेवात घातलेल्या धान्याला थोडीफार घट येणारच, हे आपण जाणतो. पण तीन पोती घालून एकच पोते निघावे असे हे पेव आहे. बॅटरीत साठविलेल्या विजेपैकी ऐंशी-नव्वद टक्के परत मिळते. म्हणून विहिरीवरच्या पंपासाठी उज्जवायूच्या नादी लागण्याचे कारण नाही. तेथे सूर्याची वीज सरळ पंपास देणे हेच उत्तम. लांब पल्ल्याची अवजड वाहने, पोलादाचे कारखाने आणि खते, म्हणजे जेथे बॅटरीचे काम नाही किंवा जेथे वायूच कच्चा माल आहे, तेथेच त्याचे खरे स्थान आहे. ह्यांत खताचा प्रश्न आपल्या सर्वांत जवळचा.

खत, नॉर्वे आणि नंगल

हवेतील नत्रवायु व उज्जवायु ह्यांचा संयोग घडवून अमोनिया करण्याची रीत जर्मनीत फ्रिट्झ हाबर ह्याने १९०९ साली प्रयोगशाळेत सिद्ध केली व कार्ल बॉश ह्याने १९१३ साली ओपाऊ येथे तिचा कारखाना उभारला. तेथे उज्जवायु कोळशापासून निघे. नॉर्वेत कोळसा नाही. पण डोंगरांतून कोसळणारे धबधबे व त्यांवरची स्वस्त वीज मुबलक. म्हणून त्या देशातील नॉर्स्क हायड्रो ह्या खत-कंपनीने १९२७ च्या सुमारास पाण्यापासून उज्जवायु काढणारी यंत्रे बसविली व पुढे वेमॉर्क येथे त्यांचा प्रचंड कारखाना चालविला. ज्या नेल कंपनीशी रिलायन्सने करार केला, ती आपले मूळ ह्याच १९२७ च्या कामापर्यंत नेते. म्हणजे आज नवी म्हणून मिरविली जाणारी ही विद्या मुळात शेतकऱ्याच्या खतासाठी जन्मास आली.

आपल्या देशासही ती सर्वस्वी नवी नाही. पंजाबात नंगल येथे भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्यातून उज्जवायु काढून खत करण्याचा कारखाना १९६१ च्या सुमारास सुरू झाला. १९६२ साली त्याच्या जोडीस अणुभट्ट्यांना लागणारे जड पाणी करण्याचा कारखानाही आला. पण पुढे विजेची मागणी चोहोकडून वाढली व तेल-वायूपासून उज्जवायु काढणे स्वस्त पडू लागले, तेव्हा नॉर्वेत काय किंवा नंगलला काय, ही पद्धत मागे पडली. ह्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र चांगले असून भागत नाही. स्वस्त वीज सतत मिळाली पाहिजे. ती महागली की सारा डोलारा खाली बसतो.

देशोदेशीचे सहकार्य

आज ही पद्धत पुन्हा वर येत आहे, कारण सूर्याची वीज पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झाली आहे व कर्बवायु कमी करण्याची निकड सर्व देशांस पटली आहे. एकट्या देशाने हे काम उरकण्यासारखे नाही. म्हणून नोव्हेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टन येथे हायड्रोजन व इंधन-घट ह्यांसाठी अनेक राष्ट्रांचा एक संघ स्थापन झाला. भारत त्याच्या संस्थापक सभासदांपैकी एक आहे. सुरक्षिततेचे नियम, वायूची शुद्धता मोजण्याच्या पद्धती, तो हरित ठरविण्याची कसोटी अशा गोष्टी त्यात एकत्र बसून ठरविल्या जातात. जर्मनीशीही आपल्या सरकारने २०२२ साली हरित हायड्रोजनविषयी सहकार्याचा करार केला.

येथे वाचकांनी दोन प्रकारच्या सहकार्यांतील भेद लक्षात घ्यावा. शास्त्रज्ञांची देवघेव ही उसनवारीच्या बियाण्यासारखी असते. आज त्यांनी दिले, उद्या आपण परत करू, आणि वाण दोघांकडेही राहते. कंपन्यांचा परवाना-करार निराळा. नेलशी झालेल्या करारान्वये तिच्या पद्धतीची यंत्रे भारतात करण्याचा अनन्य अधिकार रिलायन्सला मिळाला. स्वतःच्या उपयोगासाठी ती कंपनी जगात कोठेही अशी यंत्रे करू शकते. म्हणजे विद्या देशात आली, पण तिचे वाण एकाच्याच कोठारात राहिले. ह्यात गैर काही नाही. व्यवहार असाच चालतो. परंतु पुण्यासारख्या ठिकाणी सरकारी प्रयोगशाळांत होणारे काम सर्वांच्या उपयोगी पडू शकते. म्हणून त्यास भरपूर पैसा मिळत राहावा, असा आग्रह शेतकऱ्यांच्या संस्थांनीही धरावा हे योग्य होय.

एका गोणीचा हिशेब

आता पुन्हा आपल्या गोणीकडे वळू. तिच्यासाठी लागणारा ४॥ किलो उज्जवायु पाण्यातून काढावयाचा तर सुमारे २३५ युनिट वीज हवी. पाच अश्वशक्तीचा पंप साठ-बासष्ट तास चालविण्यास लागते तेवढी ही वीज झाली. तीन रुपये युनिट धरले तरी नुसत्या विजेचाच खर्च ७०० रुपये. २०२५ साली केंद्र सरकारच्या सोलर एनर्जी कॉर्पोरेशनने खत-कारखान्यांसाठी हरित अमोनियाच्या निविदा मागविल्या. त्यांत किलोस सुमारे ५० ते ६५ रुपये असे दर आले. कमीत कमी दर धरला तरी एका गोणीच्या अमोनियाचे पावणेतेराशे रुपये होतात; आणि सरकारने ठरविलेली गोणीची किंमत, कडुनिंबाच्या लेपाचा खर्च व कर सोडून, २४२ रुपये आहे. आजही गोणीचा खरा खर्च विक्रीच्या किमतीच्या कित्येक पट असून फरकाचा भार सरकारी तिजोरी उचलते. तेव्हा हरित खत स्वस्त मिळेल ह्या आशेवर कोणी राहू नये. लाभ व्हावयाचा तो निराळ्या प्रकारचा होईल. परदेशी वायूच्या चढउतारापासून खताची थोडीफार सुटका होईल, आणि सूर्याची वीज आणखी स्वस्त झाली तर दरही उतरतील.

आणखी एक मुद्दा. युरिया करण्यास अमोनियाबरोबर कर्बवायूही लागतो व तो हल्ली नैसर्गिक वायूपासूनच मिळतो. पाण्यातून काढलेल्या उज्जवायूबरोबर कर्बवायु येत नाही. म्हणून ही पद्धत युरियाच्या आधी डीएपी, २४:२४:० यांसारखी संयुक्त खते व अमोनियम नायट्रेट ह्यांत शिरेल, असे आम्हास वाटते. तळोज्याचा कारखाना ह्याच वर्गात मोडतो.

पाणी किती, जमीन किती?

अशा कारखान्यांमुळे शेतीचे पाणी पळविले जाईल अशी भीती अनेक ठिकाणी व्यक्त होते. ती कितपत खरी आहे हे पाहू. तळोज्याइतका, म्हणजे वर्षास ५ लाख टन अमोनिया करणारा कारखाना सर्वस्वी पाण्यातील उज्जवायूवर चालविला असे धरा. त्यास वर्षास सुमारे ८८ हजार टन उज्जवायु लागेल व त्यासाठी ८ लाख घनमीटर शुद्ध पाणी. शुद्धीकरणात व यंत्रे थंड ठेवण्यात जाणारे पाणी धरून तिप्पट मानू. २४ लाख घनमीटर झाले. पाटाने पाणी दिलेल्या एक एकर उसास वर्षाकाठी सुमारे ९ हजार घनमीटर पाणी लागते. म्हणजे एवढ्या मोठ्या कारखान्यास लागणारे पाणी पावणेतीनशे एकर उसाच्या पाण्याइतके होते. दुष्काळी तालुक्यात हेही थोडे नव्हे व तेथे असा कारखाना नेऊ नये. पण भीती वाटते तितके हे पाणी नाही.

आता जमीन पाहू. ८८ हजार टन उज्जवायूस वर्षास सुमारे ४६० कोटी युनिट वीज लागेल. एक मेगावॅट सौर-केंद्रास साधारणतः चार एकर जमीन लागते व त्यापासून वर्षास पंधरा-सोळा लाख युनिट मिळतात. म्हणजे सुमारे तीन हजार मेगावॅटची केंद्रे आणि बारा हजार एकर जमीन. वाचकांनी हा आकडा पुन्हा वाचावा. कारखाना शहराजवळ शे-दोनशे एकरांत मावेल. पण त्याची वीज बारा हजार एकरांवर पिकवावी लागेल, आणि ती जमीन सोलापूर, धाराशिव, बीड, धुळे अशा उन्हाच्या जिल्ह्यांतच शोधली जाईल. पाण्यावर नजर ठेवताना जमिनीकडे दुर्लक्ष झाले, तर खरा व्यवहार आपल्या पाठीमागे होऊन जाईल.

नवी मुंबईचा अनुभव ह्या बाबतीत विसरता येत नाही. जमीन गेल्यावर मोबदल्यासाठी तेथील शेतकऱ्यांस दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली झगडावे लागले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्यानंतरच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस देण्याचे तत्त्व मान्य झाले. जे आरंभीच करारात असावयास हवे होते, ते रक्त सांडल्यावर पदरात पडले.

म्हणून आमची आमच्या बांधवांस काही सूचना आहेत. सौर-केंद्रासाठी कोणी जमीन मागावयास आला तर विकण्याची घाई करू नये. भाडेपट्ट्याचा विचार आधी करावा. शेतीच्या वीजवाहिन्यांसाठी असलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षास सव्वा लाख रुपये व दरसाल तीन टक्के वाढ असा दर ठरलेला आहे. बोलणी करताना हे माप हाती असावे. करार मराठीत लिहून मागावा व गावात चारचौघांपुढे वाचवून घ्यावा. सात-बाऱ्यावर मालकी कोणाची राहील, मुदत संपल्यावर खांब व पाया कोण उपटून नेईल, शेजारच्या शेताची वाट व ओढ्याचे पाणी अडणार नाही ना, आणि कंपनीने करार दुसऱ्यास विकला तर काय, हे चार प्रश्न सहीपूर्वी सुटलेच पाहिजेत. बागायत व दोन पिकांची जमीन ह्या कामास देऊ नये. मुरमाड, पडीक जमीन पुष्कळ आहे. एकेकट्याने बोलणी करण्यापेक्षा गावाने किंवा सोसायटीने मिळून केली तर दर अधिक मिळतो, हे उसाच्या व दुधाच्या धंद्यात आपण अनुभवलेच आहे.

उज्जवायूच्या ह्या उद्योगास आमचा विरोध नाही. धुराशिवाय चालणारी बस आणि परदेशी वायूवाचून तयार होणारे खत कोणास नको आहे? परंतु त्या खताचा एक कच्चा माल आपल्या शेतावर पडणारे ऊन हा आहे, आणि ते ऊन झेलणारी जमीन आपली आहे. कच्चा माल पुरविणारास त्याचा भाव माहीत असावा, एवढ्यासाठीच आम्ही हा हिशेब वाचकांपुढे मांडला आहे.